निरोप पोचला का?



२०२० सालची दिवाळी आमच्या घरात लक्षात राहिली ती एका न पोचलेल्या निरोपामुळे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन शनिवारी, १४ नोव्हेंबरला होते. माझी आई जानेवारीत आमच्याकडे आयोवाला आली होती आणि एप्रिलमध्ये परत जायची होती. पण २३ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली. पुढे थोडीफार विमाने सुरू झाली, तेव्हा शहात्तराव्या वर्षी तिला एवढ्या लांबच्या प्रवासाला पाठवायचा धीर आम्हाला झाला नाही. मुक्कामाची मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला आणि ती राहिली. त्या शनिवार-रविवारी ती आणि आमचा चौथीतला धाकटा स्वयंपाकघरात एकमेकांना खेटून करंज्या करत बसले होते. ती सारण भरायची, तो कातणे फिरवायचा.

सोमवारी सकाळी सौ.च्या ऑफिसात शाळेचा फोन आला. "तुमच्या मुलाला बसमधून उतरताच कचेरीत बसवून घेतले आहे. त्याने आज शाळेत यायला नको होते. शुक्रवारी संध्याकाळीच तुम्हाला निरोप दिला होता." झाले होते असे की, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर बसलेल्या एका मुलाला कोविड असल्याचे शुक्रवारी निष्पन्न झाले. सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटे, ही तेव्हाची 'निकट संपर्का'ची व्याख्या. वर्गात सगळ्यांच्या तोंडावर मास्क असत, पण जेवताना कसे असणार? म्हणजे आमच्या चिरंजीवांनी १४ दिवस घरी राहायला हवे होते, आणि मुख्य म्हणजे आजीपासून दूर राहायला हवे होते. त्याऐवजी तीन दिवस ती दोघे एका पाटावर होती.

आधीच सांगून टाकतो. आईला काही झाले नाही, मुलालाही झाले नाही. पण थँक्सगिव्हिंगपर्यंतचे ते दिवस आम्ही कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक. आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा दिवसातून चार वेळा वहीत लिहीत होतो. मला राग आला होता. डिसेंबरच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत मी तो बोलून दाखवायचे ठरवले. या गावात आठ वर्षे राहून बोर्डाच्या बैठकीला हजर राहण्याची ही माझी पहिलीच वेळ, हेही इथे कबूल केले पाहिजे.

तो राग पुढे ओसरला. पण एका खेड्यातल्या शाळेने अशा वर्षात घराघराला माहिती कशी पोचवली, ती कुठे अडली, आणि अडली तेव्हा काय केले, हे जवळून पाहायला मिळाले. आपल्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त लहान गावांत राहतात, आणि शहरात राहणाऱ्यांचीही मुले अशाच कुठल्यातरी डिस्ट्रिक्टात शिकतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

डिस्ट्रिक्ट म्हणजे काय?

आपल्याकडे शाळा म्हटली की वर जिल्हा परिषद किंवा संस्था, त्याच्या वर राज्याचे शिक्षण खाते. इथला प्रकार वेगळा. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्टे आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा कारभार मतदारांनी निवडलेले बोर्ड पाहते. बोर्ड एक सुपरिंटेंडंट नेमते. एकट्या आयोवात २०२०-२१ मध्ये ३२७ डिस्ट्रिक्टे होती, म्हणजे ९९ काउंट्यांच्या राज्यात काउंटीमागे तीनाहून अधिक. पटसंख्या घटत गेली तशी शेजारची गावे एकत्र आली, त्यामुळे कित्येक डिस्ट्रिक्टांची नावे आपल्याकडच्या जोडआडनावांसारखी, दोन-तीन गावांची मिळून झालेली असतात.

आमचे डिस्ट्रिक्ट मार्शलटाऊन आणि सीडर रॅपिड्स या शहरांमधल्या पट्ट्यात आहे. माझी नोकरी सीडर रॅपिड्सची, घर मात्र मक्याच्या शेतांमध्ये. बालवाडीपासून बारावीपर्यंतची सगळी मुले दोन इमारतींत मावतात. काही मुलांना खडीच्या रस्त्याने बसचा तासाभराचा प्रवास करावा लागतो. जनसंपर्क अधिकारी वगैरे कोणी नाही. सुपरिंटेंडंट, दोन मुख्याध्यापक, एक नर्स आणि कचेरीतल्या दोन बाई, एवढ्यांनी मिळून त्या वर्षीचा सगळा पत्रव्यवहार केला. मोठ्या शहरातल्या डिस्ट्रिक्टात या कामाला स्वतंत्र विभाग असतो. इथे ज्या बाई गैरहजेरी लिहितात, त्याच बाई महामारीची बातमीही देतात.

एका वर्षात किती वेळा बदल?

पालकांना काय कळवायचे, हे डिस्ट्रिक्टाच्या हातात फारसे नव्हते. आयोवापुरती ही जंत्री पाहा.

१५ मार्च २०२० च्या रविवारी रात्री गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी चार आठवडे शाळा बंद ठेवण्याची शिफारस केली. सोमवारी सकाळी बसगाड्या निघायच्या होत्या. १७ एप्रिलला वर्ष संपेपर्यंत शाळा बंदच राहतील असे जाहीर झाले. १७ जुलैला हुकूम निघाला की नव्या वर्षात किमान निम्मे शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झाले पाहिजे. जुलैअखेर आणखी एक नियम आला. काउंटीतल्या चाचण्यांत १५ टक्क्यांहून जास्त लोक बाधित निघाले आणि शाळेत १० टक्के मुले गैरहजर असली, तरच तात्पुरते ऑनलाइन जाण्यासाठी राज्याकडे परवानगी मागता येईल. २९ सप्टेंबरला राज्याने सांगितले की बाधित आणि संपर्कात आलेला अशा दोघांनीही मास्क नीट लावला असेल तर क्वारंटाइनची गरज नाही. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, सल्ला त्या वेळी असा नव्हता. २ डिसेंबरला सीडीसीने १४ दिवसांऐवजी १० दिवसांचा, किंवा चाचणी करून ७ दिवसांचा पर्याय दिला. २९ जानेवारी २०२१ ला गव्हर्नरांनी कायद्यावर सही केली आणि १५ फेब्रुवारीपासून मागेल त्या मुलाला पूर्ण वेळ वर्गात शिकवणे बंधनकारक झाले. १९ मार्चला वर्गातल्या सहा फुटांचे तीन फूट झाले. २० मे रोजी, रात्री बारा उलटून गेल्यावर सही झालेल्या कायद्याने शाळांना मास्कची सक्ती करण्यास मनाई केली आणि तो कायदा त्याच क्षणापासून लागू झाला. त्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या फोनवर संदेश होता: "आजपासून शाळेत मास्क ऐच्छिक आहे."

यातल्या प्रत्येक तारखेला कचेरीतल्या त्या बाईंना साध्या भाषेत चार ओळी लिहाव्या लागल्या. त्या प्रत्येक शेतावर आणि प्रत्येक ट्रेलरच्या घरी त्याच दिवशी समजायला हव्या होत्या. आदल्या आठवड्यात उलटे सांगितले होते, हेही पालकांच्या ध्यानात असायचे.

साधने आणि त्यांच्या खोडी

डिस्ट्रिक्टाकडे साधने तशी बरीच होती: एकाच वेळी सगळ्यांना जाणारा ध्वनिमुद्रित फोन, मोबाइलवरचा मजकूर-संदेश, इ-मेल, डिस्ट्रिक्टाचे संकेतस्थळ, स्थानिक साप्ताहिक आणि कागदी चिठ्ठी. माझा पेशा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला यातली खोच पाहण्यात रस.

इ-मेलमध्ये वाटेल तेवढे लिहिता येते, पण खेड्यात ती वाचायची कशावर? टेकडीच्या आड असलेल्या घराला मोबाइलचा डेटा मिळत नाही, आणि तारेवरचे वेगवान इंटरनेट खडीच्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेले नसते. त्या वसंतात शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून शाळेच्या वाय-फायवर गृहपाठ उतरवून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. याउलट मजकूर-संदेश अगदी क्षीण सिग्नलवरही सरकतो, कारण त्याला डेटाची वाट लागत नाही. पण त्याला लांबीची मर्यादा आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात. ती १६० अक्षरे एका ठरलेल्या छोट्या अक्षरसंचातलीच असावी लागतात. संचाबाहेरचे एक जरी अक्षर आले तरी सगळा संदेश दुसऱ्या पद्धतीने बांधला जातो आणि मर्यादा ७० वर येते. आपली देवनागरी अर्थातच या ७० वाल्यांत. पण गंमत स्पॅनिशची आहे. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश 'न' त्या संचात आहे, तिरकी रेघ असलेला 'ए'ही आहे, पण तशीच रेघ असलेले आ, ई, ओ, ऊ नाहीत. म्हणजे इंग्रजीत एका दमात जाणाऱ्या सूचनेचे स्पॅनिशमध्ये तीन तुकडे होतात. आमच्या डिस्ट्रिक्टात स्पॅनिश बोलणारी काही कुटुंबे आहेत. त्यांना "उद्या शाळा" एवढेच आधी मिळाले आणि "नाही" मागाहून आले, तर काय व्हायचे?

भाषेची बाब शिष्टाचाराची नाही, कायद्याची आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, ज्या पालकांना इंग्रजी नीट येत नाही त्यांना महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत देणे केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शाळांवर बंधनकारक आहे. आग्नेय आयोवातल्या कोलंबस जंक्शन या छोट्या गावाचे उदाहरण घ्या. तिथला मांसप्रक्रियेचा मोठा कारखाना कामगारांत साथ पसरल्यामुळे ६ एप्रिल २०२० ला बंद ठेवावा लागला. त्या गावात स्पॅनिश बोलणारी कुटुंबे आहेत, तशीच ब्रह्मदेशातून आलेली चिन लोकांची कुटुंबेही आहेत. अशा गावात शाळेची चिठ्ठी केवळ इंग्रजीत काढणे म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच वगळणे.

आपण म्हणतो, आम्हाला इंग्रजी येते, आमचा काय संबंध? पण आमच्या घरातलेच पाहा. 'क्वारंटाइन' म्हणजे संपर्कात आलेल्या पण आजारी नसलेल्या माणसाने वेगळे राहणे, आणि 'आयसोलेशन' म्हणजे बाधित माणसाला वेगळे ठेवणे. मराठीत आपण दोन्हीला सरसकट विलगीकरणच म्हणत होतो. सोमवारी मी आईला सांगितले की धाकट्याला विलगीकरणात राहायचे आहे, तेव्हा तिचा समज झाला की त्याला कोविड झाला आहे आणि आपण ते तिच्यापासून लपवतो आहोत. ती रात्रभर झोपली नाही. शाळेच्या पत्रातला शब्द बरोबर होता. घरात तो चुकीचा पोचवला तो मी, डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने.

डब्यातली चिठ्ठी

सर्वांत भरवशाचे साधन कुठले ठरले? जेवणाची पिशवी.

इथे शाळेतल्या जेवणाचा कार्यक्रम शिक्षण खाते नव्हे तर केंद्रीय शेतकी खाते चालवते. १९४६ पासून तसा कायदा आहे. एरवी मुलांनी शाळेत बसूनच जेवायचे असा नियम. मार्च २०२० मध्ये त्या खात्याने तो नियम सैल केला. जेवण घरी नेता येऊ लागले, आणि मूल बरोबर नसले तरी पालकांच्या हाती देण्याची मुभा राज्यांना मिळाली. आमच्याकडे मग रोज सकाळी पिवळ्या बसगाड्या मुलांशिवायच निघायच्या. आत पिशव्यांचे ढीग असायचे. ड्रायव्हर ठरलेल्या कोपऱ्यावर थांबायचा, हॉर्न वाजवायचा आणि पिशवी द्यायचा.

कचेरीतल्या एका बाईंच्या लक्षात आले की ज्या घरांतून इ-मेलला उत्तर येत नाही, त्यांतल्या बहुतेकांकडे बस रोज जाते. त्यांनी पिशवीत अर्ध्या पानाची चिठ्ठी घालायला सुरुवात केली. रंगीत कागद, मोठा टाइप, वर तारीख, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. याहून मोलाची गोष्ट म्हणजे ड्रायव्हर परत यायचा आणि सांगायचा: "त्या निळ्या कोठाराच्या घरी तीन दिवस कोणी पिशवी घ्यायला आले नाही." मग नर्स तिथे फोन करायची. निरोपाबरोबर उलटी बातमीही येऊ लागली.

कागदाचे महत्त्व १० ऑगस्टला आणखी पटले. त्या दिवशी दुपारी आयोवावरून 'डेरेचो' गेला. डेरेचो म्हणजे सरळ रेषेत शेकडो मैल धावणारे वादळ. सीडर रॅपिड्समध्ये वाऱ्याचा वेग काही ठिकाणी ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज हवामान खात्याने नंतर दिला. उभा मका झोपला, धान्याच्या पत्र्याच्या कणग्या चिरडल्या, वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे पडले. काही घरांत दोन आठवडे वीज नव्हती. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर डिस्ट्रिक्टाचे एकही विजेवरचे साधन चालेना. तेव्हा सुपरिंटेंडंट स्वतः ट्रक घेऊन फिरले आणि पोस्टाच्या दारावर, चर्चच्या फलकावर, पेट्रोल पंपावर आणि शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या वजनकाट्याजवळ हाताने लिहिलेले कागद लावून आले. आपल्याकडे पूर्वी गावात दवंडी पिटायचे, तोच प्रकार. कागदावर तीन वाक्ये होती: शाळा कधी सुरू होणार हे अजून ठरलेले नाही, गुरुवारी दुपारी याच जागी नवा कागद लागेल, पाणी आणि जेवण शाळेच्या मागच्या दाराशी मिळेल. गुरुवारी दुपारी खरोखरच नवा कागद लागला. त्यातही शाळेची तारीख नव्हती, पण कागद होता. लोकांना ते पुरले.

लहान गावातले गुपित

पालकांची तक्रार असे की शाळा सगळे सांगत नाही. कोणाला झाला? कुठल्या वर्गात? आमचा संबंध आला का?

१९७४ चा 'फर्पा' नावाचा केंद्रीय कायदा विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय बाहेर देऊ देत नाही. अमुक शाळेत एक विद्यार्थी बाधित आहे असे सांगायला हरकत नाही; मात्र त्या माहितीवरून तो कोण हे ओळखता येता कामा नये, असे स्पष्टीकरण शिक्षण खात्याने मार्च २०२० मध्ये दिले. मोठ्या शहरात हे सोपे आहे. बाराशे मुलांच्या शाळेत 'एक विद्यार्थी' म्हणजे कोणीही. पण जिथे चौथीत मोजून पंधरा-सोळा मुले आहेत, आणि सोमवारी एकच बाक रिकामा आहे, तिथे 'चौथीतला एक विद्यार्थी' म्हणणे म्हणजे नाव घेण्यासारखेच. शिवाय नाव कळल्यावर त्या घराकडे गाव कसे पाहील? तो मुलगा कुठल्या शेतावरचा, त्याचे वडील मास्क लावतात की नाही, कुठल्या लग्नाला गेले होते, सगळी चर्चा किराण्याच्या दुकानात व्हायची.

डिस्ट्रिक्टाने त्यावर असा मार्ग काढला. ज्यांचा प्रत्यक्ष संपर्क आला त्या घरांना वेगवेगळा फोन, नाव न सांगता. बाकीच्यांना दर शुक्रवारी इमारतवार केवळ एकूण आकडा. मधल्या दिवसांत एकेका रुग्णाची जाहीर सूचना नाही. सुरुवातीला मला ही लपवाछपवी वाटली. पण उद्या आपलाच मुलगा बाधित निघाला, तर आपल्याला काय हवे असेल, असे सौ.ने विचारले. मी गप्प बसलो.

'पाठवला' आणि 'पोचला'

आता माझ्या न पोचलेल्या निरोपाकडे येतो. डिसेंबरची बैठक झूमवर होती. आयोवात बोर्डाच्या बैठका खुल्या असतात, किमान चोवीस तास आधी विषयपत्रिका लावावी लागते, आणि बैठकीचा वृत्तांत वर्तमानपत्रात छापावा लागतो. मी माझी तीन मिनिटे बोललो. सुपरिंटेंडंट शांतपणे म्हणाले, "आमच्या यंत्रणेच्या अहवालात तुमचा फोन 'पोचला' असा दिसतो आहे."

तो पोचलाच होता, पण दुसऱ्याला! दोन वर्षांपूर्वी मी फोन कंपनी बदलली आणि जुना नंबर सोडला. तो नंबर कंपनीने कोणा तिऱ्हाइताला दिला. शुक्रवारी संध्याकाळी त्याने फोन उचलला, ध्वनिमुद्रण ऐकले आणि ठेवून दिला. यंत्राच्या लेखी काम फत्ते. इ-मेल माझ्या जुन्या पत्त्यावर गेली. तो मी महिन्यातून एकदा उघडतो. नंबर बदलल्याचे शाळेला मी कळवले नव्हते. निम्मी चूक माझी होती, आणि ती मला भर बैठकीत सगळ्यांदेखत उमगली.

पण उरलेली निम्मी यंत्रणेची होती, आणि ती आमच्या धंद्यात चांगली परिचयाची आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचा जो करार मांडला, त्याच्यावर पुढे इंटरनेट उभे राहिले. तारेवर माल हरवणारच, हे त्यांनी गृहीत धरले. म्हणून मिळालेल्या मालाची पोच पलीकडच्या संगणकाने द्यायची, आणि ठराविक वेळात पोच आली नाही तर अलीकडच्याने तोच माल पुन्हा पाठवायचा. पोच येईपर्यंत काम संपले असे मानायचे नाही. शाळेच्या यंत्रणेत फोन उचलला जाणे हीच पोच धरली होती. कोणी उचलला, त्याला समजले का, याची विचारणा नव्हती.

हे मी आईला समजावून सांगत होतो. तिचे लहानपण वाईजवळच्या खेड्यात गेले. ती म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडे निरोप्या परत येऊन सांगायचा, निरोप दिला आणि ते असे असे म्हणाले. तो परत आला नाही तर दुसरा माणूस धाडायचे."

बैठकीनंतर मी मदत करू का, असे विचारले. घरांची यादी मला दाखवता येणार नव्हती, कारण तोच फर्पा कायदा. ते योग्यच होते. मग मी केवळ पद्धत लिहून दिली, आणि कचेरीतल्या बाईंनी त्यातला निम्मा भाग खोडून ती सुटसुटीत केली. जानेवारीपासून तीन बदल झाले. क्वारंटाइनचा फोन यंत्राने करायचा नाही, माणसाने करायचा. आणि पलीकडच्याने "हो, आम्ही अमुक तारखेपर्यंत त्याला घरी ठेवतो" असे स्वतः म्हटल्यावरच नावापुढे खूण करायची. रात्री आठपर्यंत खूण झाली नाही तर दुसऱ्या नंबरावर, मग नातेवाइकांकडे, आणि सकाळी बस निघायच्या आत ड्रायव्हरला कळवायचे. दुसरा बदल म्हणजे जेवणाच्या पिशवीतून प्रत्येक घरी एक कार्ड गेले: "आमच्याकडे तुमचा हा नंबर आहे. बरोबर आहे का?" कितीतरी कार्डे दुरुस्त होऊन परत आली. म्हणजे मी एकटा नव्हतो.

तिसरा बदल बाईंचा स्वतःचा, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. दर शुक्रवारच्या पत्राचा साचा त्यांनी ठरवून टाकला. या आठवड्यात काय बदलले, काय बदलले नाही, हा निर्णय कोणाचा, आम्हाला अजून काय माहीत नाही, आणि पुढचे पत्र कधी. 'हा निर्णय कोणाचा' या ओळीने पुष्कळ वाद निवळले. मास्कवरून गावात दोन तट होते. काही नियम राज्याचे, काही काउंटीच्या आरोग्य खात्याचे, काही बोर्डाचे. सगळ्यांचा राग मात्र शाळेच्या दारातल्या माणसावर निघे. कोणते दार ठोठवायचे ते त्या ओळीने सांगितले. मे महिन्यातल्या त्या सकाळच्या संदेशातही ती होतीच: "हा राज्याचा कायदा आहे, काल रात्री झाला. बोर्डाने यावर मतदान केलेले नाही." ज्यांना तो कायदा हवा होता आणि ज्यांना नको होता, दोघांनाही तेच वाक्य मिळाले.

सगळे गोड झाले असे नाही. काही घरे शेवटपर्यंत फोन उचलत नव्हती. एका पत्रात घरी राहण्याची तारीख चुकली आणि दुसऱ्या दिवशी सुधारित पत्र काढावे लागले. त्याच्या पहिल्याच ओळीत "कालच्या पत्रात आमची चूक झाली" असे लिहिले होते. गंमत म्हणजे, त्या पत्रावर कोणी ओरडले नाही.

आपण काय करावे?

मार्च २०२१ च्या केंद्रीय कायद्याने शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले आणि त्याबरोबर अट घातली: प्रत्येक डिस्ट्रिक्टाने वर्ग सुरक्षितपणे चालवण्याची योजना लोकांना समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करावी, लोकांचे म्हणणे ऐकावे आणि दर सहा महिन्यांनी फेरविचार करावा. आमच्या डिस्ट्रिक्टात त्या सुनावणीला मोजकेच लोक आले. भारतीय मी एकटा. आपण मुलांच्या गुणपत्रिका बारकाईने वाचतो, स्पेलिंग बी आणि गणिताच्या स्पर्धांना शंभर मैल गाडी हाकतो, पण जिथे शाळेचे निर्णय होतात त्या खोलीत जात नाही. संकट आले की मात्र शाळेने आपल्याला शोधून काढावे, अशी अपेक्षा करतो.

हाच रोग आपल्या मंडळांनाही आहे. गणेशोत्सवाची पत्रिका 'सगळ्यांना पाठवली' असे कार्यकारिणी म्हणते, आणि दोन वर्षांपूर्वी गाव बदललेले कुटुंब म्हणते, आम्हाला कोणी बोलावलेच नाही. उत्सवाची पत्रिका चुकली तर थोडा रुसवा होतो. पण साथीच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या कोणा आजी-आजोबांची विचारपूस करायची असेल, तर तीच यादी कामाला येणार. वर्षातून एकदा पाच-पाच घरे वाटून घेऊन फोन केले तर यादीही ताजी होते आणि चार शब्दही होतात.

दर ऑगस्टला शाळेकडून एक फॉर्म येतो. पत्ता, फोन, अडीअडचणीला कोणाला कळवायचे. पूर्वी मी तो न वाचता 'बदल नाही' असे लिहून सही करत असे. आई २०२१ च्या हिवाळ्यात परत गेली. जाण्याआधी त्या ऑगस्टचा फॉर्म मी जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर भरला. प्रत्येक नंबर मी सौ.च्या फोनवरून लावायचा, तो वाजतो का ते पाहायचे, मग लिहायचा. शेवटी एक रकाना होता: घरात आणखी कोणी राहते का? तिथे मी लिहिले: "आजी. वय ७७." आई म्हणाली, "माझे नाव कशाला? मी तर चालले."

मी म्हटले, "आहेस तोवर त्यांना माहीत असू दे."